घुमटातली वाळू

“ती आली नाही तरी मी येतो,” असं माझा नवरा लिबोरिओ म्हणाला, आणि ते मला मागच्या अंगणातल्या विटांच्या भट्टीच्या आत ऐकू आलं.

मी कमरेपर्यंत आत होते. उताणी, दोन्ही हात डोक्यामागे, उजव्या हातात पत्र्याची खरवडणी, नाकातोंडावर भांडी पुसायचं फडकं बांधलेलं, कपाळावर जावयाचा पट्ट्याचा दिवा. पाय बाहेर लोंबत होते. शब्द धुराड्याच्या भोकातून आले असावेत, कारण ते आधी माझ्या पोटावर पडल्यासारखे वाटले आणि मग घुमटाला लागून सगळ्या बाजूंनी आले, जरा उशिरानं, चर्चमध्ये मागच्या बाकांवर आमेन येतं तसे. मी खरवडायची थांबले. वाळूचे कण पापणीवर पडले. पुसायला हात आणावा तर कोपर विटांना अडत होतं. राहू दिले तसेच.

“पपा, नीट विचार कर,” रोझान म्हणाली. रोझान माझी मुलगी, दक्षिणेत शार्लटला राहणारी, थोड्या दिवसांसाठी आलेली. “सगळा जन्म बफेलोत काढलास. आणि आता ममाशिवाय?”

“बर्फ उपसायलाच माणूस लागतं ना. तुमच्याकडे बर्फ नाही.”

“विनोद नको करूस.”

“विनोद कुठे केला?”

प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकली. दोघं मागच्या पडवीत बसली होती. त्यांच्या हिशेबी मी चर्चमध्ये होते. बुधवार संत जोसेफाचा. बुधवारी मी मिस्सा चुकवत नाही, आणि मिस्सा होईपर्यंत तोंडात पाण्याखेरीज काही घालत नाही, हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत आहे. पण फादरांना सर्दी झाली होती. दारावर तसा कागद चिकटवलेला. पायरीवरच उभी राहून मी जपमाळ पुरी केली आणि मागच्या गल्लीनं परत आले. घरात गेले नाही. घरात गेलं की “आलीस?” असं कुणीतरी विचारतं आणि “आले” म्हणावं लागतं, तेवढंही त्या दिवशी नको होतं. भट्टीचं तोंड गॅरेजकडे आहे, कारण तळ्यावरचा वारा सरळ आत शिरू नये. पडवीतून दिसते ती नुसती घुमटाची पाठ, निळ्या ताडपत्रीखाली. म्हणजे मी लपले नव्हते. हे मी मनातल्या मनात दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते तितकंसं खरं वाटेना.

आत शिरायचं कारण माझीच चूक. घुमट बांधायचा तर आधी ओल्या वाळूचा ढीग घालायचा, थापून थापून अर्ध्या कलिंगडासारखा करायचा, त्यावर भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या पसरायच्या आणि मग विटा रचायच्या. विटांमधला माल वाळला की तोंडातून हात घालून वाळू उपसायची. कागद मध्ये असला की वाळू विटांना धरत नाही. ज्याचा व्हिडिओ पाहून मी हे सगळं शिकले तो ओहायोतला दाढीवाला माणूस प्रत्येक वाक्याआधी हसायचा. “कागद भरपूर घाला मंडळी, कागदात कंजूषपणा नको.” मी कंजूषपणा केला नव्हता. रद्दी होती गठ्ठाभर. पण पट्ट्या फाडता फाडता एक पान आलं निधनवार्तांचं, छोटे छोटे चौकोनी चेहरे, आणि त्यात आमच्या वेस्ट साइडची कॉन्चेत्ता, जिच्या लग्नात मी आणि मिम्मा, माझी बहीण, एकसारखे झगे घालून नाचलो होतो. ती भट्टीत कशी घालायची? कागद काही काढून घेता येत नाही, पहिल्या विस्तवात तो तिथेच जळतो. मग मी ते पान बाजूला ठेवलं. मग सगळीच तशी पानं बाजूला ठेवली, ओळखीचे असोत नसोत. मेलेल्यांत भेद कशाला? संतांची चित्रं असलेलीही काढली. शेवटी माथ्याजवळ पट्ट्या कमी पडल्या. ताटाएवढी जागा उघडी राहिली. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

तेवढ्यानंच झालं. बाकी सगळीकडची वाळू भुसभुशीत निघाली, आणि माथ्याला, जिथं शेवटच्या विटा पाचरीसारख्या बसवल्या होत्या, तिथं माल वाळूत उतरून एक खरबरीत ढेकूळ लटकत राहिलं. ते तसंच ठेवलं तर प्रत्येक पावावर वाळू पडणार. कुंपणापलीकडची वांडा सगळा उन्हाळा मजा बघत होती. पाया घातला तेव्हा म्हणाली, “आगाता, कुत्र्याचं घर का ग? कुत्रा कुठाय?” कमान उभी राहिल्यावर, “पिझ्झाची भट्टी होय! अगं, कोपऱ्यावर फोन केला की अर्ध्या तासात पिझ्झा दारात. आणि खोका परत द्यायला लागत नाही.” ढेकळाचं कळलं तेव्हा मात्र तिनं कुंपणावर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, “मेलेल्यांना काय ग फरक पडतो. त्यांना विचारायचं तरी.” मी हसले. ती पोलिश आहे, तिच्या घरी मेलेल्यांसाठी वर्षातून एक दिवस दिवे लावतात. तिला कळायला हवं होतं.

आता मी त्या ढेकळाखाली पडले होते आणि लिबोरिओ म्हणत होता, “मार्च होऊ दे. मार्चमध्ये तिची जोसेफाची पंगत होईल. पाव भाजून होतील, माणसं जेवून जातील. मग मीच सांगेन तिला.”

“आणि ती म्हणाली मीपण येते, तर?”

“म्हणणारच. तेच तर नकोय.”

याचा अर्थ लावायला मला वेळ लागला. कपाळावरच्या दिव्याचा गोल माथ्यावर स्थिर होता आणि त्या गोलात वाळूचे दाणे चमकत होते, एकेक वेगळा. माणसानं इतक्या जवळून काही बघू नये. मी अजून एक श्वास घेतला आणि तो पुरा आत गेला नाही. उन्हाळाभर मी ही भट्टी बाहेरून पाहिली होती. बाहेरून ती ठेंगणी, गरीब, हळदीच्या रंगाची दिसते. आतून तिला कड नाही. पिझ्झासाठी घुमट बुटका लागतो, ज्वाळा माथ्यावरून वळून खाली यावी म्हणून, आणि तोंड त्याहून बुटकं. मला पाव भाजायचे होते, पण नकाशा मिळाला तो पिझ्झाचा. मिळाला तो घेतला. माझं बरंच आयुष्य तसंच गेलं आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याची मला सवय नाही.

हे नवसाचं आहे. आमच्यात संत जोसेफाला नवस बोलतात आणि फेडतात तो पंगत घालून. लहानपणी आईबरोबर मी किती घरांतून जेवले असेन: लिंबं, बडीशेपेच्या जुड्या, जोसेफ सुतार म्हणून सुताराच्या हत्यारांच्या आकाराचे पाव, आणि शेवयांवर भाजलेल्या पावाचा चुरा, लाकडाच्या भुशासारखा. कुणाचा मुलगा लढाईवरून परत आलेला, कुणाची गाठ साधी निघालेली. एप्रिलमध्ये इस्पितळाच्या त्या लांब बोळात, लिबोरिओची छाती उघडून आत डॉक्टर काम करत असताना, मीही बोलले. म्हटलं, याला वाचव. मी माझ्या हातानं भट्टी बांधीन, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, आणि पुढल्या तुझ्या सणाला तिच्यात पाव भाजून गरिबांना वाढीन. हे सगळ्यांना माहीत आहे. फादरांनी ते प्रवचनातसुद्धा सांगितलं, मला नको असताना. पण नवसाला दुसरी बाजू होती, ती मी कुणाला सांगितलेली नाही. मी म्हटलं होतं, आणि मी जाणार नाही.

कारण मी जाणार होते. ईरीला, मिम्माकडे. तिनं मागची खोली रिकामी करून ठेवली होती, खिडकीला पडदाही लावला होता. आता कुणी विचारेल, नवऱ्यानं काय केलं? काही नाही. लिबोरिओनं कधी हात उगारला नाही, बाटली धरली नाही, पगार चुकवला नाही. तो घरात असला की घरात मी कमी असायची, एवढंच. मी असलेल्या खोलीतला दिवा तो मालवून जायचा. मुद्दाम नाही, त्याला खोली रिकामी वाटायची. मी अंधारात शिवणाच्या मशीनपाशी बसून राहायची आणि म्हणायची नाही की, अरे, मी आहे. पहिल्या पहिल्यांदा म्हटलंही असेल. मग एकदा असंच बसले असताना मला अंधार बरा वाटला, आणि त्या बरं वाटण्याची भीती वाटली. बॅग भरली. एप्रिलमधल्या एका सकाळी मिम्माला फोन केला, निघते म्हणून. फोन ठेवून वळले तर तो जिन्यावर बसलेला, हात छातीवर, चेहरा मेणबत्तीसारखा. मी आतल्या आत म्हणाले, हे मी केलं. माझं जाणं देवानं ऐकलं आणि चुकीचं ऐकलं.

“तुला माहीत नाही,” पडवीत लिबोरिओ म्हणाला. त्याचा आवाज शस्त्रक्रियेपासून खालच्या पट्टीत गेला आहे, रोझान त्याला सारखी “काय?” विचारते, पण भट्टीत प्रत्येक अक्षर येत होतं. “तुझी ममा मिम्माकडे निघाली होती. कायमची.”

“काय?”

“हिरवी बॅग. शिवणाच्या खोलीत, पलंगाखाली.”

“तू बघितलीस?”

“उचलून बघितली. जड होती. म्हटलं, ही घेऊन तिला जिना उतरवणार नाही, गुडघा दुखतो तिचा. खाली दारापाशी नेऊन ठेवावी म्हणून आणत होतो. अर्ध्या जिन्यात छातीत कळ आली.”

मी तर तिथं नव्हतेच. मला आठवत होती ती बॅग. इस्पितळातून दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा ती जिन्याच्या वळणावर आडवी पडलेली होती. मला वाटलं होतं, रुग्णवाहिकेतल्या माणसांनी घाईत काही हलवलं असेल. मी ती उचलून वर नेली, एकेक कपडा परत घडी करून कपाटात ठेवला, आणि मनात म्हणत राहिले, आता झालं, आता झालं. तो ती मला आणून देत होता. का? जा म्हणून? की जातेस तर सांभाळून जा म्हणून? तो तिथंच बसला असता, कळ आली नसती, तर दारापाशी ती बॅग ठेवून तो काय म्हणाला असता? बहुतेक काही नाही. बहुतेक दिवा मालवून आत गेला असता.

“मग तू तिला बोललास का नाही?”

“काय बोलणार? शुद्धीवर आलो तर ती समोर माळ ओढत बसलेली. म्हणाली, नवस बोललेय. भट्टी बांधणार. मी म्हटलं, बांध.” खुर्ची पुन्हा वाजली. “सगळा उन्हाळा बघतोय ना. एक वीट उचलून द्यायला गेलो तर म्हणते, ठेव खाली. त्या विटा तिनं देवाला मोजून दिल्यात. मी तिच्या मधे मधे येतो. ती माझ्यासाठी राहिलीये, रोझान, आणि माझ्यासाठी कुणी राहिलेलं मला झेपत नाही. औषधासारखं. गिळताना रोज दिसतं.”

“पपा.”

“जा, कॉफी टाक. ती येईल आता मिस्सावरून, काही खाल्लं नसेल तिनं.”

जाळीचं दार आपटलं. मला बाहेर निघायला हवं होतं. आधी निघायचं ते न ऐकण्यासाठी, आता ऐकलेलं लपवण्यासाठी. दोन्हीला बाहेर येणं एकच होतं. मी पायानं चढताना लावलेलं स्टूल चाचपलं. स्टूल नव्हतं. बोटं हवेत फिरली, पायाला काही लागेना. ते कधी कलंडलं मला कळलंच नव्हतं. मग अंग मागे रेटायला बघितलं, म्हणजे खरं तर पुढे, पायांकडे, तर स्वेटर कमानीच्या कडेला गोळा झाला आणि काखेत घट्ट बसला. हात डोक्यामागे. ते खाली आणायला घुमटात जागा नाही, आणि ते खाली आणल्याशिवाय खांदे बारीक होत नाहीत. मी हसायचा प्रयत्न केला. दाढीवाल्यानं हे सांगितलं नव्हतं. मंडळी, आत शिरताना हात बाजूला ठेवा.

मग ते आलं. ते कुठून येतं मला ठाऊक नाही, पण पोटरीपासून वर आलं, थंड, आणि छातीत येऊन गरम झालं. विटा होत्या तिथंच होत्या, तरी माथा खाली आला. मी माळ सुरू केली. बोटांना मणी नव्हते, खरवडणी होती. पहिल्या दहा मण्यांची प्रार्थना निम्म्यावर आली आणि मला पुढचे शब्द सुचेनात. जे शब्द मी ताप असताना, बाळंतपणात, झोपेत म्हटले आहेत, ते नव्हते. त्या जागी फक्त वाळू होती. प्रत्येक वीट मी लावली होती. कोणत्या विटेचा कोपरा उडालाय, कुठे माल जास्त झालाय, कुठल्या फटीत माझं बोट चिरडून रक्त आलं होतं, सगळं डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर. एकही वीट कुणी दुसऱ्यानं लावलेली नव्हती. हाक मारायची होती. हाक मारली की तो येणार, आणि तो आला की त्याला कळणार की मी होते. मला वाटलं, राहू दे. इथेच राहू दे. आणि असं वाटल्यावर, देवाशपथ, जरा बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानंच मी ओरडले.

ओरडले म्हणजे काय, माझा आवाज तो. “लिब,” म्हटलं.

पण पावलं आधीच जवळ आली होती. ताडपत्रीवर हात फिरल्याचा आवाज झाला, हळू, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग तो गॅरेजच्या बाजूला वळला असणार, कारण पावलं थांबली.

“हे कुणाचे पाय?” लिबोरिओ म्हणाला.

“माझे.”

“मिस्सा?”

“फादरांना सर्दी झालीये.”

तो काय जुळवत होता हे मला आत पडल्या पडल्या कळत होतं. मग त्याचा हात माझ्या घोट्याला लागला. बुटावर नाही, मोज्याच्या वर, कातडीला.

“ओढू नकोस,” मी म्हटलं. “तुझी छाती.”

“ओढतोय कोण. स्टूल लावतो. पाय टेक. आता श्वास सोड. सगळा. अजून. आणि डावा हात गालावरून खाली घे, कुठंतरी खाज सुटल्यासारखा.”

“स्वेटर अडकलाय.”

“फाटू दे.”

तो माझ्या आईनं विणलेला होता. फाटला. खांदा सुटला, मग दुसरा, मग हनुवटी कमानीला घासत मी बाहेर आले आणि उजेड इतका आला की काही दिसेना. स्टुलावर बसून खोकत राहिले. त्यानं माझ्या कपाळावरचा दिवा विझवला. भर दिवसा तो पेटलेला बरा दिसत नव्हता.

“किती वेळ होतीस आत?”

मी फडकं सोडून डोळे पुसले. खोटं बोलायचं तर ते तेव्हाच. पण बुधवारचा उपास होता. “तुम्ही यायच्या आधीपासून,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, जशी तो बेसबॉलचा निकाल ऐकून हलवतो. गॅरेजच्या भिंतीकडे बघितलं, मग भट्टीच्या तोंडाकडे. “आत ऐकू येतं?”

“सगळं.”

“बघू.”

“लिब, नको.”

पण तो वाकला. शस्त्रक्रियेनंतर तो अर्धा झाला आहे. त्याचे जुने सदरे त्याच्यावर कुणा दुसऱ्याचे वाटतात. मी आतून निघाले त्याच तोंडातून त्यानं डोकं आणि खांदे आत घातले, पालथे, दोन्ही हात आधी. बाहेर नुसती पाठ राहिली, पट्टा, आणि पँटच्या मागच्या खिशातला कंगवा. मला एकदम भीती वाटली, आणि मी त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं.

“बोल काहीतरी,” तो आतून म्हणाला. आवाज त्याच्या अंगातून माझ्या तळव्यांत आला.

मी धुराड्याच्या भोकाजवळ तोंड नेलं. आमच्या चर्चमध्ये कबुलीच्या जागी अशीच एक जाळी आहे, पण तिथं पलीकडे फादर असतात आणि मी काय बोलणार ते त्यांना पाठ आहे. इथं मला काय बोलायचं ते मलाच माहीत नव्हतं.

“मी नुसती भट्टीच नव्हते बोलले,” मी म्हटलं. “मी राहीन असंही बोलले होते. तू वाचलास तर.”

मग त्याचा हात विटांवर फिरल्याचं मला कळलं, कारण माथ्याची वाळू झरझर खाली पडली.

“हे त्याला सांगितलंस?”

“हो.”

“जोसेफाला.”

“हो.”

“आणि मला विचारलं होतंस?”

तो हसत असावा, पाठ हलत होती. किंवा धूळ गेली असेल घशात.

“तुझ्या छातीत तेव्हा डॉक्टरांचे हात होते,” मी म्हटलं. “तुला कुठे विचारणार?”

“नंतर विचारायचं. मे होता, जून होता. मी रोज तिथं पडवीत बसलेला असायचो. मला वाटायचं, ही भिंत बांधतेय. एक रांग झाली की बघायचो, आता ही गुडघ्यापर्यंत आली, आता कमरेपर्यंत. तुझं डोकं कधी दिसेनासं होतंय ते बघत होतो.”

“तूच म्हणालास, बांध.”

“मग काय, नको म्हणू? मेलेल्या माणसानं?”

घरातून कॉफीचा वास आला. रोझाननं खिडकी उघडली असावी. भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा. मी बोटं त्याच्या पट्ट्यात अडकवली होती आणि ती मला सोडता येत नव्हती. त्याची हाडं लागत होती हाताला. इतक्या जवळून मी त्याला कधी धरलं होतं ते आठवेना. इस्पितळात धरायचे ते तिथल्या नर्सांच्या सांगण्यावरून, उशी छातीशी दाबून, एक दोन तीन. मी म्हटलं, “शार्लटला मी येईन. मार्चनंतर. नवस फिटला की भट्टी इथे राहिली काय नि गेली काय.”

“नाही, आगाता.”

“मी तुला ओझं म्हणून नाही म्हणत.”

“मला माहीत आहे तू काय म्हणून म्हणतेस. मी जाणारच आहे, पंगत झाल्यावर. तू ये म्हणत नाही. मिम्माकडे जा असंही म्हणत नाही. इथं राहा असंही नाही. ते काय ते तुझं.” त्याचा आवाज सगळीकडून येत होता, धुराड्यातून, तोंडातून, विटांतून. “तू राहिलीस म्हणून मी वाचलो असेन, तर बरं झालं. आभार. पण आता ते झालं ना. झालेल्याला किती दिवस धरून ठेवायचं?”

मला म्हणायचं होतं की तसं नसतं. की देवाला दिलेला शब्द म्हणजे काही पावती नव्हे, एकदा दाखवली की फाडायची. मला हेही म्हणायचं होतं की मला ईरीला जायचं नाहीये, आता नाही; की शार्लटलाही जायचं नाहीये; की मला कुठे जायचं आहे हे मी एप्रिलनंतर स्वतःला विचारलेलंच नाही, कारण विचारायचं नाही हेच तर मी वचन दिलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की दार मी बंद केलंय आणि त्याची कडी माझ्या हातात आहे. पण तो तर केव्हाचाच त्या दाराबाहेर उभा होता.

“निघ आता बाहेर,” मी म्हटलं. “धूळ जाईल छातीत.”

“निघतो.”

मी त्याला धरून मागे घ्यायला लागले. जपून, इंचाइंचानं, छातीला ताण बसू नये अशी.

“हात काढ,” लिबोरिओ म्हणाला.

“पडशील.”

“माझा मी निघतो. हात काढ, आगाता.”

काढले. तो निघायला लागला. खांदे अडले, थांबला, श्वास सोडला, एक कोपर वळवलं, पुन्हा अडला. मी तिथेच उभी होते, त्याच्या मागे, पाऊलभर अंतरावर, दोन्ही हात पुढे केलेले आणि कुठेही न लागलेले. ते खाली सोडावेत की तसेच धरावेत हे मला उमगत नव्हतं. वांडा कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती.